क्लोनाझेपाम चालू असलेल्या वृद्धांवर घरी लक्ष कसे ठेवावे?

खानापूर तालुक्यातील एका सूनबाईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाईंचे वय 71. सासरे वारल्यानंतर त्यांना झोप लागेना, म्हणून बेळगावात दाखवले तेव्हा रात्री क्लोनाझेपाम 0.5 मिलिग्रॅमची एक गोळी सुरू झाली. दोन महिन्यांनी परत या असे सांगितले होते, परंतु झोप चांगली लागू लागल्याने परत जाणे राहून गेले आणि त्याच जुन्या चिठ्ठीवर ही गोळी दीड वर्ष चालू आहे. दोन महिन्यांपूर्वी गुडघेदुखी आणि तळपायांच्या जळजळीसाठी कोल्हापूरला दाखवले, तेथून ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिन ही दोन औषधे मिळाली. आता सासूबाई दिवसभर पेंगत असतात, बोलताना त्यांची जीभ अडखळते, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, आणि गेल्या महिन्याभरात त्या अंगणात दोनदा पडल्या. घरातील बाकीचे लोक म्हणतात, वयच झाले आता. सूनबाईंनी दोन गोष्टी विचारल्या आहेत: रक्ताची कोणती तपासणी करावी, आणि ही गोळी आजपासून बंद करावी का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात चूक झाली तर ती जिवावर बेतू शकते. गोळी आजपासून अचानक बंद करू नका. दीड वर्ष रोज घेतलेले क्लोनाझेपाम एकदम थांबवल्यास फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. गोळी कमी करावी लागेल, बहुधा पूर्ण बंदही करता येईल, परंतु ते काम काही महिन्यांचे आहे आणि ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवे. त्याविषयी पुढे लिहितो.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. दोनदा पडलेल्या आणि त्यानंतर सुस्ती वाढलेल्या वृद्ध व्यक्तीच्या बाबतीत सगळा दोष गोळीच्या माथी मारून मोकळे होऊ नये. वयानुसार मेंदू थोडा आकसतो, त्यामुळे मेंदू आणि कवटी यांच्यामधील बारीक शिरांवर ताण असतो, आणि साध्या पडण्यानेही त्या फाटून आत हळूहळू रक्त साचू शकते. डोक्याला मार लागल्याचे आठवतही नाही, खोक पडलेली नसते, आणि दोनतीन आठवड्यांनी माणूस झोपाळू, गोंधळलेला, एका बाजूने अशक्त दिसू लागतो. हे चित्र गोळीच्या गुंगीसारखेच असते. म्हणून सासूबाईंना दोनचार दिवसांच्या आत दाखवा आणि डोक्याचा सीटी स्कॅन करावा का, हे डॉक्टरांना स्पष्टपणे विचारा. त्या रक्त पातळ करणारी गोळी घेत असतील, किंवा डोकेदुखी, उलटी, एक हात वा पाय ओढत चालणे यांपैकी काही असेल, तर दोन दिवसही थांबू नका, त्याच दिवशी बेळगाव गाठा.

आता रक्ततपासणीविषयी. आपल्याकडे औषध म्हटले की त्याची लॅबमधली तपासणी असलीच पाहिजे असा समज असतो, कारण साखरेच्या, थायरॉइडच्या आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत तसे असतेच. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम या बेन्झोडायझेपिन गटातील औषधांचे तसे नाही. दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये अधूनमधून रक्तपेशींची मोजणी आणि यकृताची तपासणी करावी असे सांगितले जाते, आणि ते योग्य आहे. परंतु या औषधांचे जे दुष्परिणाम माणसाला खरोखर पाडतात ते कोणत्याही रिपोर्टात उमटत नाहीत. ते चालण्यात दिसतात, बोलण्यात ऐकू येतात, रात्रीच्या श्वासात मोजता येतात. म्हणजे ही तपासणी घरातच करावी लागते, आणि ती करणारी व्यक्ती बहुतेक वेळा सूनच असते.

मग रक्त तपासायचेच नाही का? तपासायचे, पण वेगळ्या कारणासाठी. सुस्ती आणि गोंधळ यांची दुसरी कारणे शोधण्यासाठी सोडियम, साखर, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-12 एवढे करून घ्या, लघवीची साधी तपासणीही करा. नैराश्याच्या काही गोळ्यांनी आणि रक्तदाबाच्या लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी वृद्धांचे सोडियम उतरते, आणि सोडियम उतरलेला माणूस नेमका असाच दिसतो. मधुमेहाची गोळी घेऊन दुपारचे जेवण टाळणाऱ्या वृद्धांची साखर उतरते, तेव्हाही तसेच होते. क्रिएटिनिन विशेष महत्त्वाचे, कारण प्रीगाबालिन शरीराबाहेर टाकण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडे करतात; ती मंद झाली असतील तर नेहमीची मात्राही जास्त ठरते. तळपायांची जळजळ मधुमेहामुळे असेल, तर मूत्रपिंडांवर परिणाम झालेला असण्याची शक्यता मुळातच अधिक.

एवढीशी गोळी दिवसभर कशी काय पुरते, हे समजून घेतल्याशिवाय लक्ष कशावर ठेवायचे ते समजत नाही. क्लोनाझेपाम रक्तात निम्मे व्हायला साधारण 30 ते 40 तास लागतात. म्हणजे रात्री नऊला घेतलेल्या गोळीतील निम्म्याहून अधिक औषध दुसऱ्या दिवशी रात्री नऊला शिल्लकच असते, आणि त्यावर दुसरी गोळी पडते. असे साचत साचत आठवडाभरात किंवा थोड्या अधिक काळात एक पातळी स्थिर होते, आणि ती पहिल्या रात्रीच्या अडीच ते तीनपट असते. म्हणून पहिले दोन दिवस काही त्रास झाला नाही, यावरून गोळी सोसली असे ठरवता येत नाही. त्याउलट अल्प्राझोलाम सुमारे 11 तासांत निम्मे होते, वृद्धांमध्ये त्याहून थोडा अधिक वेळ लागतो. त्यामुळे त्याची झिंग सकाळी कमी राहते, पण दोन गोळ्यांच्या मधल्या वेळातच घाबरेपणा डोके वर काढतो आणि माणूस गोळीची वाट पाहू लागतो. डायझेपाम तर स्वतः आणि त्यापासून शरीरात तयार होणारा पदार्थ मिळून कित्येक दिवस रेंगाळते. शेजारच्या आजींना कोणती गोळी सोसते याला आपल्या घरी काडीचाही अर्थ नसतो, तो यामुळे.

वय वाढले की यकृत ही औषधे सावकाश पचवते, शरीरात चरबीचे प्रमाण वाढते आणि चरबीत विरघळणारे औषध तेथे मुक्काम करते. शिवाय म्हातारा मेंदू तेवढ्याच मात्रेला अधिक दाद देतो. म्हणूनच 65 वर्षांवरील लोकांत ही औषधे शक्यतो टाळावीत, अशी जगभरच्या वृद्धचिकित्सकांची शिफारस आहे. ज्या गोळीने सत्तरीच्या उंबरठ्यावर काही त्रास दिला नाही, तीच गोळी तेवढ्याच मात्रेत दोन वर्षांनी पाडू शकते.

तुमच्या सासूबाईंच्या बाबतीत मला सर्वांत मोठी काळजी गोळीच्या एकट्या मात्रेची वाटत नाही, तिघांच्या संगतीची वाटते. क्लोनाझेपाम गुंगी आणते, ट्रामाडॉल हे अफूच्या जातकुळीतील वेदनाशामक असून तेही गुंगी आणते, आणि प्रीगाबालिनही आणते. तिन्ही मिळून श्वास मंदावू शकतो. अफूवर्गीय औषधे आणि बेन्झोडायझेपिन एकत्र देण्याबाबत अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2016 साली सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा या औषधांवर छापायला लावला, आणि 2019 मध्ये प्रीगाबालिनच्या गटाबद्दलही श्वास मंदावण्याचा स्वतंत्र इशारा दिला. त्याखेरीज ट्रामाडॉलमुळे फिट येण्याची शक्यता वाढते. अशा माणसाचे क्लोनाझेपाम एकदम काढून घेतले तर आगीत तेल ओतल्यासारखे होईल.

यात कोल्हापूरच्या डॉक्टरांना दोष देण्याचे कारण नाही, कारण त्यांच्यासमोर बेळगावची चिठ्ठी ठेवली होती का, हा खरा प्रश्न आहे. आपल्या सीमाभागात हे फार होते. मनाचे दुखणे बेळगावात, हाडांचे कोल्हापुरात, हृदयाचे मिरजेत, आणि सर्दीपडशाचे गावातल्या डॉक्टरांकडे. एका दवाखान्याची फाइल दुसऱ्या दवाखान्यात जात नाही. सरकारी दवाखान्यातील कागद कन्नडमध्ये असतो, खाजगी दवाखान्यातील इंग्रजीत, आणि घरात वाचणारा मराठी शाळेत शिकलेला. त्यामुळे "झोपेची एक गोळी आहे" एवढेच सांगितले जाते, पुष्कळदा तेही नाही, कारण झोपेची गोळी हे आपल्याकडे अजून औषध मानलेच जात नाही.

उपाय सोपा आहे. घरात ज्या ज्या पट्ट्या असतील, अर्ध्या वापरलेल्याही, त्या सगळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक डॉक्टरांकडे न्या. आयुर्वेदिक काढे, खोकल्याची औषधे, पोटाच्या गोळ्या, सगळे. पट्टीवरील मोठे नाव कंपनीचे असते. त्याखाली बारीक अक्षरांत औषधाचे खरे नाव असते, तेच वाचावे लागते. दोन वेगळ्या नावांच्या पट्ट्यांत एकच क्लोनाझेपाम निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे. एस्सिटालोप्रामसारख्या नैराश्याच्या औषधात मिसळलेले क्लोनाझेपाम आपल्याकडे सर्रास मिळते, आणि "डिप्रेशनची एक व झोपेची एक" अशा समजुतीने माणूस त्याची दुप्पट मात्रा घेत असतो. पोटात मुरडा येतो म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांत क्लिडिनियमच्या जोडीला क्लोरडायझेपॉक्साइड असते, तेही याच गटातले. ती गॅसची गोळी म्हणून घरात वर्षानुवर्षे पडून असते. सर्दीच्या गोळीतील क्लोरफेनिरामिन आणि कोडीन असलेले खोकल्याचे औषध हेही गुंगीत भर घालतात. क्लॅरिथ्रोमायसिनसारखी अँटिबायोटिक आणि बुरशीवरची काही औषधे अल्प्राझोलामचे पचन रोखतात, त्यामुळे तेवढ्याच गोळीचा परिणाम वाढतो. दारूविषयी वेगळे सांगायला नको. मात्र थंडीवाताच्या नावाखाली रात्री घोटभर घेणाऱ्या आजोबांना हा प्रश्न विचारायला घरातले लाजतात, आणि तो विचारलाच पाहिजे.

आता प्रत्यक्ष घरातील निरीक्षण. त्यासाठी वेगळी वही नको, ती चार दिवसांत कोनाड्यात जाते. भिंतीवरील कॅलेंडरात जेथे दुधाचा हिशेब लिहिता, तेथेच त्या तारखेच्या चौकोनात दोन शब्द लिहा. महिन्याचे पान फाडून डॉक्टरांपुढे ठेवले की अर्धे निदान तेथेच होते.

सकाळची वेळ सर्वांत महत्त्वाची. उठल्यानंतर सुमारे तासाभराने सासूबाईंना हात असलेल्या साध्या खुर्चीवर बसवा. समोर दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर, खडूने रेघ ओढा. खुर्चीतून उठायचे, नेहमीच्या चालीने रेघेपर्यंत जायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. उठण्यापासून बसण्यापर्यंत किती सेकंद लागले ते मोबाइलवर मोजा. 12 सेकंद किंवा अधिक लागले तर पडण्याचा धोका आहे असे मानतात. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तसेही जास्त वेळ लागेल, म्हणून एका आकड्यावर जाऊ नका. तोच आकडा दर आठवड्याला वाढतो आहे की कमी होतो आहे ते पाहा. सेकंदांपेक्षाही मी वळणे पाहतो. गुडघ्याने त्रस्त माणूस सावकाश, दुखरा पाय जपत वळतो. गोळीने झिंगलेला माणूस वळताना पाय रुंद टाकतो, बारीक बारीक पावले घेतो, एखादे पाऊल आडवे पडते आणि हात आपसूक भिंत शोधतो. हा फरक एकदा पाहिला की पुन्हा विसरत नाही. चाचणी करताना तुम्ही त्यांच्या बाजूला, हात पोचेल इतक्या अंतरावर चालत राहा.

बोलण्यासाठी दोन मिनिटे पुरतात. आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगा: रविवार, शनिवार, शुक्रवार. काल रात्री जेवायला काय होते, कोण येऊन गेले, ते सहज बोलता बोलता विचारा. ही औषधे जुन्या आठवणी पुसत नाहीत. लग्नात कोण रुसले होते ते सासूबाई तपशीलवार सांगतील. गोळी घेतल्यानंतरच्या नव्या गोष्टी डोक्यात ठरत नाहीत, एवढेच होते. रात्री गोळी घेऊन मुलीशी फोनवर अर्धा तास बोलल्या आणि सकाळी ते मुळीच आठवत नाही, असे झाले तर ती नोंद आवर्जून करा. काही वेळा माणूस गोळी घेतल्याचे विसरून दुसरी घेतो. म्हणून पट्टी उशाशी ठेवू नका, रोजची गोळी तुम्ही हातात द्या.

हातांच्या कामावर नजर ठेवा. ज्या बाईने आयुष्यभर वाती वळल्या, तिच्या वाती एकाएकी सैल आणि वेड्यावाकड्या होऊ लागल्या, भाकरी थापताना कडा फाटू लागल्या, आमटीत मीठ दोनदा पडू लागले, तर दवाखान्यातील कोणत्याही परीक्षेपेक्षा हा पुरावा अधिक बोलका असतो. येथेच "वय झाले" या समजुतीचा निकाल लागतो. वय वर्षावर्षाने उतरते. एखादी गोष्ट आठपंधरा दिवसांत बिघडली असेल, तर त्या आठपंधरा दिवसांत कोणती गोळी आली, कोणती वाढली, कोणते दुखणे झाले, हे कॅलेंडरवर मागे जाऊन पाहावे. तुमच्या पत्रातच ते उत्तर आहे: दीड वर्ष क्लोनाझेपाम चालू होते आणि बिघाड दोन महिन्यांतला आहे, नवी दोन औषधे आल्यानंतरचा.

दुपारी किती वेळा डुलकी लागते, जेवताना घास तोंडात असतानाच डोळे मिटतात का, हे पाहा. क्लोनाझेपामने काहींना लाळ जास्त सुटते, आणि गुंगीत ठसका लागून अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. कपडे ओले होईपर्यंत लघवीची जाणीव न होणे हाही या औषधांचा परिणाम असू शकतो. वृद्ध स्त्रिया तो लाजेपोटी लपवतात, म्हणून तुम्हीच हळुवारपणे विचारा. काही मोजक्या वृद्धांमध्ये गोळीने उलटाच परिणाम होतो: शांत होण्याऐवजी चिडचिड, बडबड, संशय, रात्री उठून फिरणे. तेव्हा घरचे गोळी वाढवून मागतात, आणि वाढवलेल्या गोळीने ते अधिकच वाढते. मन उदास होणे, रडू येणे, जगण्यात राम न वाटणे, असे बोलणे कानावर आले तर ते गोळीमुळे असो की नवऱ्याच्या जाण्यामुळे असो, त्याच आठवड्यात डॉक्टरांना कळवा आणि घरातील सर्व पट्ट्या कुलपात ठेवा.

रात्रीचे काम थोडे कठीण आहे, पण तिन्ही औषधे चालू असेपर्यंत ते टाळू नका. गोळी घेतल्यावर दोनतीन तासांनी, त्या गाढ झोपेत असताना, पोटावरच्या पांघरुणाची हालचाल पाहून पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण मधले खंड त्यात सुटून जातात. मिनिटाला 12 ते 20 श्वास सामान्य. दहाच्या खाली जाणे, मध्ये दहा सेकंदांहून अधिक खंड पडणे, घोरता घोरता एकदम सगळे शांत होऊन मग दचकून श्वास घेणे, यांतील काहीही दिसले तर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ज्यांना जुना दमा आहे, चुलीच्या धुराने छाती खराब झालेली आहे किंवा जे लठ्ठ असून मोठ्याने घोरतात, त्यांच्या बाबतीत हे अधिक गंभीर.

हाका मारून आणि खांदा जोरात दाबूनही जाग येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास अगदी मंद असेल, तर 108 ला फोन करा. तोपर्यंत कुशीवर वळवून ठेवा, हनुवटी थोडी वर करा. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी असले काही तोंडात घालू नका. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात घातलेले सगळे फुप्फुसात जाते. सर्व पट्ट्या सोबत न्या. बेन्झोडायझेपिनवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल नावाचे इंजेक्शन असते, परंतु दीर्घकाळ गोळी घेणाऱ्यांना त्याने फिट येऊ शकते आणि त्याचा परिणाम फार तर तासभर टिकतो, म्हणून ते केव्हा द्यायचे हा निर्णय रुग्णालयातच होतो. गोळी किती दिवस चालू आहे हे तेथे खरे सांगणे म्हणूनच आवश्यक.

पडण्याविषयी दोन शब्द. खानापूरकडच्या पावसात शेवाळलेले अंगण, घरामागचा संडास, वीज गेलेली, आणि रात्री दोनला लघवीसाठी उठलेली गुंगीतली बाई, एवढे जुळून आले की खुब्याचे हाड मोडायला वेळ लागत नाही. गोळी कमी होईपर्यंत रात्री खोलीतच भांड्याची सोय करा, उशाशी बॅटरी ठेवा, उठताना आधी पलंगाच्या कडेला दोन मिनिटे बसायची सवय लावा, आणि अंगणाच्या वाटेवर फरशीऐवजी खडबडीत दगड टाकून घ्या. मेंटेनन्सचा खर्च म्हणून हे टाळले जाते आणि मग ऑपरेशनचा खर्च येतो.

तरुणांच्या बाबतीत हेच धोके वेगळ्या ठिकाणी भेटतात. उद्यमबागेत लेथवर काम करणारा, उसाची ट्रॉली रात्री कारखान्यावर नेणारा, किंवा निपाणीहून रोज महामार्गाने मोटारसायकलवर बेळगावला येणारा, यांनी रात्री क्लोनाझेपाम घेतले असेल तर सकाळी "मला काही होत नाही" या त्यांच्या शब्दावर विसंबू नये. प्रतिक्रियेला लागणारा वेळ वाढलेला असतो आणि तो वाढला आहे हे कळण्याची शक्तीच मंदावलेली असते. गोळी सुरू झाल्यावर किंवा वाढवल्यावर पहिले दोन आठवडे तरी वाहन आणि यंत्र टाळावे, त्यापुढे डॉक्टरांना विचारून.

आता गोळी कमी करण्याविषयी. सासूबाईंना फिट येण्याचा आजार नाही असे मी धरून चाललो आहे. क्लोनाझेपाम हे फिटचेही औषध आहे, आणि ज्यांना ते त्यासाठी दिले आहे त्यांनी या उत्तरातील एकही ओळ स्वतःला लावून घेऊ नये. झोपेसाठी घेणाऱ्यांमध्ये मात्रा साधारण दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने प्रत्येक वेळी 5 ते 10 टक्क्यांनी उतरवतात, आणि दोन आठवड्यांत 25 टक्क्यांहून अधिक उतरवत नाहीत. 0.25 मिलिग्रॅमची गोळी बाजारात मिळते, पण 0.5 वरून थेट तिच्यावर येणे म्हणजे एकदम निम्मी घट होते. त्याहून बारीक टप्प्यांसाठी डॉक्टर वेगळी योजना करतात. तुमच्या बाबतीत बहुधा आधी ट्रामाडॉल आणि प्रीगाबालिनचा फेरविचार होईल आणि मग क्लोनाझेपामला हात लागेल. प्रीगाबालिनही एकदम तोडायचे नसते, म्हणून तिन्हींचा क्रम एकाच डॉक्टरांनी ठरवावा आणि दुसऱ्या डॉक्टरांना तो कळवावा.

या काळात एक फसवणूक होते, तिच्यासाठी तयार राहा. क्लोनाझेपाम शरीरात रेंगाळत असल्याने मात्रा उतरवल्यावर पहिले दोनतीन दिवस काहीच जाणवत नाही. घरचे म्हणतात, बघा, गरजच नव्हती, आणि उत्साहाने पूर्ण बंद करतात. तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या सुमारास झोप उडते, घाम येतो, हात थरथरतात, आवाज आणि उजेड सहन होत नाही, छाती धडधडते. मग "मूळ आजार उलटला" असे समजून गोळी पुन्हा पूर्वीच्याच मात्रेत सुरू होते आणि आयुष्यभराची चिकटते. त्रास मात्रा उतरवल्यावर ठरावीक दिवसांनी येऊन पुढच्या एकदोन आठवड्यांत ओसरत असेल, तर तो बहुतेक गोळी सुटण्याचा त्रास असतो. अशा वेळी पुढचा टप्पा लांबवायचा, मागे फिरायचे नाही. फिट, भास, भ्रम किंवा ताप यांपैकी काही आले तर मात्र ताबडतोब रुग्णालय.

झोपेबद्दलची अपेक्षाही तपासावी लागेल. दिवेलागणीनंतर जेवून आठला अंथरुणावर पडणारी बाई पहाटे तीनला जागी झाली तर तिची सात तासांची झोप झालेली असते. तिला निद्रानाश नाही, तिला निजायला नऊसाडेनऊ करण्याची गरज आहे. दुपारची झोप अर्ध्या तासावर आणा, चारनंतरचा चहा बंद करा, आणि रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ तीच ठेवा. सासरे गेल्याचे दुःख दीड वर्ष गोळीखाली दाबलेले असेल, तर गोळी उतरताना ते वर येईल. त्यासाठी बोलणारे कोणी लागेल. 14416 या टेली-मानस क्रमांकावर शुल्काविना समुपदेशन मिळते. समोरासमोर बोलायचे असल्यास बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभाग आहे आणि धारवाडची मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थाही फार लांब नाही.

जुन्या चिठ्ठीवर दीड वर्ष गोळी कशी मिळाली, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, तरी लिहितो. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम या झोपेच्या गोळीसारखी औषधे 1 मार्च 2014 पासून एच-1 अनुसूचीत, म्हणजे विक्रीवर कडक नोंदीचे बंधन असलेल्या औषधांच्या यादीत आहेत. ती देताना डॉक्टरांचे व रुग्णाचे नाव आणि किती गोळ्या दिल्या हे मेडिकलवाल्याने स्वतंत्र रजिस्टरात लिहून तीन वर्षे जपावे लागते. क्लोनाझेपामही 1985 च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील मनोव्यापारांवर परिणाम करणाऱ्या पदार्थांच्या यादीत आहे. ओळखीच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी मिळणे ही सोय वाटते, परंतु त्या सोयीमुळेच सासूबाई दीड वर्षात एकदाही डॉक्टरांच्या नजरेखालून गेल्या नाहीत. दुष्परिणाम नोंदवायचा असेल तर औषधदक्षता कार्यक्रमाचा 1800-180-3024 हा निःशुल्क क्रमांक रुग्ण आणि नातेवाईक यांच्यासाठीही खुला आहे, त्यासाठी डॉक्टरच असावे लागत नाही.

भेटीच्या वेळी कॅलेंडरचे पान, पट्ट्यांची पिशवी आणि दोन्ही गावांच्या चिठ्ठ्या घेऊन जा, आणि चालण्याची चाचणी मोबाइलवर चित्रित करून दाखवा. डॉक्टरांपुढे सासूबाई नेमक्या ताठ बसतात आणि ठणठणीत आहे म्हणतात, हा सर्वांचाच अनुभव आहे. उतरवण्याचे टप्पे ठरवताना पुढच्या दोनतीन महिन्यांत घरात लग्नकार्य, सौंदत्तीची यात्रा किंवा आषाढीची वारी आहे का, ते डॉक्टरांना आधीच सांगा. त्या आठवड्यांत मात्रा बदलू नये. प्रवासात गोळ्या सामानाच्या बॅगेत न ठेवता तुमच्या अंगावरच्या पिशवीत ठेवा, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या गोळ्या, चिठ्ठीच्या झेरॉक्ससह, सोबत असू द्या.